होडीत बसलं की बोलेल

१ मे १९७७, रविवार

काल संध्याकाळी नोकरीतून सुटलो. हार झाला, शाल झाली, साहेबांचं भाषण झालं. त्यांनी मला 'कोल्हापूर स्टँडचा आवाज' म्हटलं. आवाज आहेच आपला. माइक बंद पडला तरी सांगली गाडीच्या माणसांना फलाट कळायचा. सत्तावीस वर्षं एसटीत काढली. गगनबावडा, आजरा, जयसिंगपूर, मालवण, वेंगुर्ला, सगळीकडच्या गाड्या सोडल्या. लोकांना बसवलं आणि आपण कंट्रोलरच्या खुर्चीत जाग्यावर. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही मी समुद्र बघितलेला नाही हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

येत्या रविवारी आम्ही मालवणला जाणार. मी, झुंबर आणि वसंत. ठरलं म्हणजे ठरलं.

सकाळी झुंबरला सांगितलं तर म्हणाली, "आवं, यंदा कशाला? पुढल्या उन्हाळ्यात जाऊया की समदी मिळून."

म्हटलं, पुढल्या उन्हाळ्याचं कुणी बघितलंय? तशी चेहरा पाडून देवासमोर गेली, हात जोडून आली. नवरा रिटायर झाला की बायका चमत्कारिक वागतात असं ऐकलं होतं. पहिल्याच दिवशी अनुभव आला.

खरं कारण इथं लिहून ठेवतो. वसंताचं आणि सूनबाईचं बिनसलंय. कालिंदी पाडव्याच्या आधी माहेरी जयसिंगपूरला गेली ती अजून आलेली नाही. विचारलं की झुंबर म्हणते, तिच्या आईची कंबर धरलीय. दोन महिने कंबर धरते व्हय कुणाची? वसंत दर शनिवारी जातो आणि रविवारी तोंड पाडून परत येतो. "कशी आहे?" म्हटलं की "बरी आहे." संपलं. माझ्याशी तर वर्ष झालं धड बोलत नाही. हो, नाही, बघू, याच्या पलीकडं शब्द नाही. त्यात दाढी वाढवलीय. हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर आणि अवतार गोव्याच्या हिप्पीचा. न्हाव्याकडं जा म्हटलं की उठून जातो.

गाडीला उशीर का झाला ते ड्रायव्हरचं तोंड बघून ओळखणारा माणूस मी. मला कुणी शिकवू नये. भांडण झालंय, आणि नुसतं भांडण नाही, मोडायच्या बेताला आलंय.

घरात बोलायला बसलो की तो उठून जातो. होडीत बसलं की कुठं उठून जाणार? चारी बाजूंनी पाणी. होडीत बसलं की बोलेल. बोलवतोच.

४ मे, बुधवार

गल्लीतले तात्या गेले. वसंताला सायकल शिकवली ती तात्यांनी. खांदा द्यायची वेळ आली तेव्हा मी वसंताला खूण केली. तो मागं सरला. मी परत खूण केली. सगळी गल्ली बघतेय, आणि हा भिंतीला पाठ लावून उभा. तेवढ्यात झुंबर बायकांतून ओरडली, "त्याला बोलवू नका वो, खांदा दुखतोय त्याचा."

घरी आल्यावर विचारलं, कुठला खांदा? वसंत म्हणाला डावा, त्याची आई म्हणाली उजवा. दोघं एकाच वेळी.

मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर तात्यांच्या घरापर्यंत ऐकू गेलं असतं. पण मला वाईट वाटलं. हा पोरगा असा नव्हता. शिवाजी पुलावरून पुराच्या पाण्यात उडी मारायचा, वर यायचा आणि मला हाका मारायचा, अण्णा बघितलं का, अण्णा बघितलं का. त्याच्या पाठीला डबा बांधून पंचगंगेत मीच ढकलला होता त्याला, पाच वर्षांचा असताना.

गेल्या वर्षीची ती गोष्ट झाली तेव्हापासून हे असं आहे. सुनेला दिवस गेले तेव्हा मला कोण आनंद! शेरांनी पेढे आणले. गल्ली, डेपो, वर्कशॉप, कुणाला सोडलं नाही. एवढंच काय, 'कोल्हापूर-मुंबई गाडी फलाटावर लागत आहे' म्हणून सांगितल्यावर त्याच माइकवर सांगून टाकलं की कंट्रोलर गणपतराव आजोबा होणार आहेत. सगळ्या स्टँडनं टाळ्या वाजवल्या. पुढं दीड महिन्यानं ते राहिलं नाही. देवाची मर्जी. त्यात नवराबायकोंनी एकमेकांवर कशाला डूख धरायचा?

८ मे, रविवार. मालवण

पोचलो. वसंत यायला तयार नव्हता. झुंबरनंच त्याला माजघरात नेऊन काहीतरी सांगितलं आणि तो गप पिशवी भरायला लागला. काय सांगितलं विचारलं तर म्हणाली, "म्हटलं, बापाचं मन मोडू नगंस."

गाडी वेळेवर सुटली. घाटात ड्रायव्हर दोनदा चुकीच्या गिअरमध्ये होता, मी मागून सांगितलं. त्यानं आरशातून बघितलं आणि ओळखलं. मग चहाला थांबलो तेव्हा चहा त्यानंच पाजला.

खोली बरी आहे, एका म्हातारीच्या घरातली पुढची बाजू. जेवणात मासे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या माणसानं काटे काढत बसायचं म्हणजे जेवण कमी आणि कारकुनी जास्त. पण सोलकढी तीन वाट्या प्यालो.

९ मे, सोमवार

समुद्र बघितला. मोठा आहे.

मी गुडघ्यापर्यंत गेलो, एक लाट आली आणि धोतरासकट बसलो. झुंबर इतकी हसली की तिला वाळूत टेकावं लागलं. लग्नानंतर तिला असं हसताना दोन-तीनदाच बघितलं असेल. वसंत मात्र चपलासुद्धा न काढता लांब कोरड्या वाळूत उभा. "अरे, पाय तरी बुडव!" तर म्हणाला, "नको अण्णा, सर्दी होते." पंचगंगेच्या पुरात पोहणाऱ्याला गुडघाभर पाण्यानं सर्दी!

दुपारी बोटी तपासायला गेलो. गाडी मार्गावर सोडण्याआधी बघतात तशा एकेक बघितल्या. तीन प्रकार निघाले.

एक आगबोट. ती लांब समुद्रात उभी राहते, पडावातून माणसं न्यायची आणि वर चढवायची. वेंगुर्ल्याला बोटीनं जाऊन एसटीनं परत येता येतं. पण एवढ्या मोठ्या बोटीत पोरगं दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसेल, मी कुठं शोधत फिरू? बाद.

दुसरी लाँच. इंजिनाची. समोर समुद्रातल्या किल्ल्यावर नेते-आणते. माणसं पंधरा-वीस आणि इंजिनाचा आवाज असा की माझं बोलणं ऐकू येईल, त्याचं येणार नाही.

तिसरी शिडाची होडी. तांडेल आणि एक गडी, आणि आपण तिघं. आवाज नाही. वारा असेल तर किल्ल्याला वळसा घालून आणतो म्हणाला. तांडेलाचं नाव जानू. म्हातारा आहे, हात वल्ह्यासारखे. मी विचारलं, किनाऱ्यापासून किती लांब नेणार? म्हणाला, तुम्ही सांगाल तितकं. मी मनात हिशेब केला. अर्धा मैल असलं तर वसंत उडी मारून पोहत परत जाईल. मैलभर तरी पाहिजे.

होडीचा तळ बघितला, सांध्यांवर नख फिरवून बघितलं, शिडाची दोरी ओढून बघितली. जानू नुसता बघत होता. शेवटी म्हणाला, "खंयसून इलात?" म्हटलं, कोल्हापूर. "तरीच," म्हणाला.

माझं मन होडीवर. पण झुंबर म्हणते, शिडाचा भरवसा न्हाई, इंजिन असलेलं बघा. ठीक. उद्या लाँच.

१० मे, मंगळवार

लाँच आज बंद. इंजिन उघडून ठेवलंय. मी दोन तास तिथं उभं राहून सूचना केल्या.

संध्याकाळी वसंत पोस्टात पत्र टाकायला गेला. जयसिंगपूरचंच असणार. म्हणजे अजून विनवण्या चालू आहेत. मला बरं वाटलं. पूर्ण तुटलेलं नाही. आपण जोर लावला तर गाडी रुळावर येईल.

११ मे, बुधवार

आज माझी शोभा झाली. लिहायचं म्हणजे सगळं लिहायचं.

सकाळी आठला तिघं धक्क्यावर. लाँच तयार. माणसं चढली. झुंबर चढली. मी चढलो. मागं वळून बघतो तर वसंत धक्क्यावर उभा. "तुम्ही जाऊन या, माझं डोकं दुखतंय."

म्हटलं, "त्या दिवशी खांदा, परवा सर्दी, आज डोकं! डॉक्टर व्हायला पाहिजे होतास, मास्तर कशाला झालास?"

लाँचमधले सगळे हसले. वसंताचं तोंड लाल झालं. झुंबर उठली, "मी बी उतरते, त्याच्यासंगं थांबते." आणि उतरली की! आता मीही उतरलो तर काय राहिलं? म्हटलं सोड रे लाँच. गेलो एकटाच.

पहिली पाच मिनिटं मजा. मग लाँच वरखाली व्हायला लागली. शेजारच्या पावण्यांना मी पंचगंगेच्या पुराचं सांगत होतो, ते वाक्य पुरं झालं नाही. कठड्यावरून ओणवा झालो तो किल्ला येईपर्यंत सरळ झालो नाही. किल्ला चांगला आहे. आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, भर समुद्रात. मी एका विहिरीच्या काठावर अर्धा तास बसून राहिलो. परत येतानाही तेच.

धक्क्यावर वसंत उभा होता. तीन तास उन्हात तिथंच उभा होता म्हणे, झुंबर सांगत होती. हातात कापलेलं लिंबू आणि मीठ. त्यानं मला दंडाला धरून उतरवलं, लिंबू तोंडात पिळलं, माझी टोपी पुसली. लहान मुलाला धरून नेतात तसा खोलीवर आणला. रस्त्यात एक शब्द बोलला नाही.

माझ्यावर राग आहे तर लिंबू कशाला? आणि राग नाही तर होडी का नको? मला काही उमगत नाही. पण मी हार मानणारा नाही. पोट ठिकाणावर आलं की जानूची होडी.

१२ मे, गुरुवार

पडून. पेज प्यालो. झुंबरनं माझी नि वसंताची, दोघांची दृष्ट काढली. त्याची दोनदा.

१३ मे, शुक्रवार

आज काय झालं ते नीट क्रमानं लिहितो.

झुंबर सकाळी घरमालकिणीबरोबर देवळात गेली. मी वसंताला म्हटलं, चल, नुसतं किनाऱ्यावर फिरून येऊ. तो आला. जानूला कालच निरोप पाठवला होता. होडी तयार होती, गुडघाभर पाण्यात. मी सरळ पाण्यातून गेलो, चढून बसलो आणि म्हटलं, "वसंता, ये. आज मी एकटा जाणार नाही, आणि तू आल्याशिवाय उतरणारही नाही."

"अण्णा, नको."

"का नको?"

"तुम्हाला सांगितलं ना, नको."

"कालिंदीशी काय झालंय ते मला कळलं पाहिजे. बाप आहे मी. घरात बोलत नाहीस, इथं बोल. जानूला मराठी समजतं पण तो कुणाला सांगणार नाही."

वसंत पाणी संपतं तिथं उभा होता. लाट आली की एक पाऊल मागं घ्यायचा. जानूनं नारळ काढला. नवं माणूस होडीत बसताना दर्याला नारळ देतात. त्यानं तो वसंताकडं केला, "घे बाबा, तरणो हात, तूच फोड." वसंतानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

जानूनं त्याच्याकडं बघितलं. दाढीकडं बघितलं, कोरड्या चपलांकडं बघितलं, पाठीमागं घेतलेल्या हातांकडं बघितलं. मग एकदम मऊ आवाजात म्हणाला, "घरकारणीक कितवो म्हयनो?"

वसंत खाली बघून म्हणाला, "चौथा."

मी होडीत बसलेलो. माझ्या हातात शिडाची दोरी होती, ती तशीच राहिली.

जानू माझ्याकडं वळला. "बाबानु, तुमका म्हायत नाय? आसल्या दिवसांत घोवान दर्यार येवचा नसता. ह्येका मी होडयेत घेवचंय नाय, कोणी सांगितल्यान तरी." आणि त्यानं मला हाताला धरून खाली उतरवलं, म्हाताऱ्या पॅसेंजरला उतरवतात तसं. ज्या माणसानं माझ्या पोराला पाच मिनिटं बघितलं त्याला कळलं. मी दोन महिने एका घरात राहून हिप्पी म्हणत होतो. दाढी काढायची नाही, खांदा द्यायचा नाही, पाण्यात जायचं नाही, नारळ फोडायचा नाही. आमच्या आईनं माझ्या वेळी हेच सगळं मला पाळायला लावलं होतं, झुंबरला वसंताच्या वेळी दिवस होते तेव्हा. मी साफ विसरलो.

वाळूत आलो. वसंताला विचारलं, "कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"आईला. तिच्या घरच्यांना. मिरजेच्या डॉक्टरांना. त्यांनी झोपून राहायला सांगितलंय, म्हणून ती तिकडं आहे."

"आणि आता जानूला. मग मला का नाही?"

तो चपलेतली वाळू झटकायला लागला. मी परत विचारलं. मग माझा ताबा सुटला. "अरे आजोबा होणार मी! बाहेरच्या माणसाकडनं मला कळावं? मला का नाही सांगितलं?"

किनाऱ्यावर जाळी विणत बसलेली माणसं सगळी वळून बघायला लागली. वसंतानं त्यांच्याकडं हात केला आणि म्हणाला, "म्हणून."

पुढं तो जे बोलला ते शब्दाला शब्द लिहितो. वर्षभरात एवढं तो माझ्याशी बोलला नव्हता.

"अण्णा, पेढे तुम्ही एका दिवसात वाटलेत. पण नंतर घरोघरी जाऊन 'नाही' म्हणून सांगायला तुम्ही गेला नाहीत. ते ती सांगत होती. नळावर, मंडईत, हळदीकुंकवाला. सहा महिने. मिरजेच्या दवाखान्यातनं आम्ही परत निघालो ना, त्याच दिवशी, तिथल्या स्टँडवर, गाडीत चढताना तुमच्या कंडक्टरनं तिला विचारलं, वैनी, पेढे तर आमास्नी मिळाले, आता बारशाला कवा बोलावतासा? तिच्या अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. यावेळी कळलं तेव्हा तिनं पहिलं वाक्य काय म्हटलं सांगू? म्हणाली, अण्णांना नको."

मला आधी राग आला, तोही लिहून ठेवतो. आनंदानं वाटले होते पेढे, काय दरोडा घातला होता का? असं तोंडावर आलं होतं. पण 'अण्णांना नको' हे आत जाऊन बसलं. मला वाळूत बसावंसं वाटलं आणि मी बसलो. लाज वाटली. अठ्ठावन्न वर्षांत एवढी वाटली नव्हती.

वसंतही शेजारी बसला. मी म्हटलं, "तू विज्ञान शिकवतोस की रे. दाढी न् पाणी न् नारळ, तुला हे पटतं?"

"पटत नाही. पण मी पाळलं की तिला झोप लागते."

"बरं," म्हटलं.

"अण्णा, आईला सांगू नका तुम्हाला कळलंय म्हणून. कुणालाच नको."

मी हो म्हटलं. त्याचा विश्वास बसला असं वाटलं नाही. माझाही बसला नव्हता. मला आत्ताच, या क्षणी, धक्क्यावर उभं राहून ओरडावंसं वाटत होतं. दात घट्ट दाबून खोलीवर आलो.

१४ मे, शनिवार

परत. घाटात ड्रायव्हर चुकला, मी काही बोललो नाही. झुंबरनं कपाळाला हात लावून बघितला. "आवं, त्या लाँचीनं काय केलं का तुमास्नी?"

१७ मे, मंगळवार

तीन दिवस झाले. सोपं नाही. स्टँडवर गेलो की जुनी माणसं भोवती जमतात, काय साहेब, काय बातमी. ओठांपर्यंत येतं. पाणी पितो.

आज सकाळी आमचा न्हावी आकाराम गल्लीत सगळ्यांसमोर म्हणाला, "अण्णा, वसंताला पाठवून द्या की. काय बुवा व्हायचा इचार हाय का त्याचा? का सूनबाईचं काय..." आणि डोळा बारीक केला. दोन-तीन टाळकी कान टवकारून बसलेली. म्हटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे. गल्ली हादरेल असा ओरडलो, "हिप्पी झालंय ते! गोव्याला जाणार हाय गांजा ओढायला! त्याचं नाव काढू नका माझ्यासमोर!" सगळी हसली आणि विषय संपला. खिडकीत वसंत उभा होता. तोही हसत होता. मला तेवढ्यानं जेवण गोड लागलं.

झुंबर मात्र चिडली. पोराला चारचौघांत असं बोलतात व्हय म्हणून ताट आदळलं. मी ऐकून घेतलं.

१९ मे, गुरुवार

ठरवलं. रविवारी जयसिंगपूरला जाणार. एकटा. वसंत या शनिवारी पेपर तपासायला अडकलाय, तोही नसेल.

मला माहीत आहे हे दाखवायचं नाही. पण गेल्या वर्षीचं बोलायचं. माफी मागायची मला सवय नाही. सत्तावीस वर्षांत गाडी उशिरा सुटली म्हणून कधी माफी मागितली नाही, नुसती घोषणा केली. आज परसात जाऊन दोनदा म्हणून बघितलं. दोन्ही वेळा घोषणेसारखंच वाटलं. हळू म्हणायला पाहिजे. हळू कसं बोलतात ते झुंबरला विचारावं तर तिला संशय येईल.

२२ मे, रविवार

सकाळी नऊच्या गाडीनं गेलो. मालवणचं खाजं आणि आमसुलं घेऊन. तिच्या आईनं दार उघडलं. मला बघून बाईचा रंगच उडाला. आत काहीतरी कुजबुज झाली. मग म्हणाली, या, बसा, ती जरा पडलीय. मी म्हटलं, पडू दे, मी तिथंच येऊन बसतो.

कालिंदी खाटेवर उठून बसली, पदर सारखा केला, पायांवर चादर ओढून घेतली. मी तिच्या तोंडाकडंच बघितलं, खाली नजर जाऊ दिली नाही. वाळलीय. डोळे मात्र तेच, समोरच्याचं वजन करणारे.

"आईंची कंबर कशी आहे?" मी विचारलं.

"बरी आहे," ती म्हणाली. तेवढ्यात तिची आई पाण्याची भरलेली कळशी उचलून स्वयंपाकघरात गेली. आम्ही दोघांनीही बघितलं.

मग मी सुरुवात केली. जमेल तेवढं हळू. म्हटलं, "पोरी, गेल्या वर्षी मी चुकलो. गावभर सांगत सुटलो. आणि नंतर जे सांगायला पाहिजे होतं ते तुझ्यावर टाकलं. ते काम माझं होतं. मी घरात बसून देवाची मर्जी म्हणत राहिलो. मला कळलंच नाही." घोषणेसारखं झालं नाही. शेवटी शेवटी आवाजच गेला.

ती चादरीचा काठ दुमडत राहिली. मग म्हणाली, "अण्णा, त्या दिवशी कंडक्टरला मी काय सांगितलं ठाऊक आहे? म्हटलं, अजून अवकाश आहे. खोटं बोलले. त्यानं एका म्हाताऱ्याला उठवलं आणि मला जागा करून दिली. सगळा प्रवासभर तो मला जपत होता. खड्डा आला की ड्रायव्हरला सांगायचा, हळू घ्या, हळू घ्या."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली. ती उगीच सरळ करत बसलो. तिनं मला बसू दिलं. 'जाऊ द्या अण्णा' असं ती म्हणाली नाही, आणि ते बरंच केलं.

मग म्हणाली, "अण्णा, मला चौथा सरत आलाय."

"होय?" म्हटलं. "आत्ता कळतंय मला."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा जरा हसली. "ह्यांचं पत्र आलं होतं, मालवणहून आल्याबरोबर टाकलेलं. तुम्हाला कळलंय म्हणून. त्या दिवसापासून मी वाट बघतेय, कोण विचारायला येतंय. तुमच्या गल्लीतल्या दोघी बाजाराला येऊन गेल्या. आमच्या शेजारच्या धोंडुबाई कोल्हापूरला जाऊन आल्या, तुमच्याच स्टँडवरनं." "तुम्हाला कळून नऊ दिवस झाले, अण्णा. कुणी विचारलं नाही."

माझे डोळे भरले. लपवले नाहीत. तिनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. चहासाठी उठायला लागली तेव्हा मात्र मी तिला ओरडून खाली बसवली, हळूच ओरडलो.

दुपारच्या गाडीनं परत निघालो. गाडी गच्च भरलेली. कंडक्टर माझ्या हाताखाली तयार झालेला केरबा. मला बघून मागच्या दारापासनंच त्यानं सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, "साहेब! सुनंकडं गेलतासा व्हय? काय विशेष?"

पन्नास माणसं माझ्याकडं बघत होती.

"काय न्हाई," म्हटलं. "ऊन लई हाय."

केरबानं घंटी मारली आणि गाडी सुटली.